कोकण किनाऱ्यासाठी उत्सर्जन सूचीच्या फाइली कशा तयार कराव्यात

हवेच्या प्रदूषणाचे मॉडेल चालवणाऱ्यांचे बहुतेक लक्ष वाऱ्यावर, तापमानावर आणि संगणकाच्या क्षमतेवर असते. उत्सर्जनाची फाइल, म्हणजे कोणत्या स्रोतातून किती प्रदूषक बाहेर पडते याची सूची, मात्र कुठून तरी उतरवून घेतलेली, मध्ये कोणी तरी बदललेली आणि फारशी उघडून न पाहिलेली असते. रत्नागिरी, रायगड किंवा सिंधुदुर्गासाठी काम करताना ही सवय महागात पडते, कारण या फाइलींचे साचे कोकणात घडलेले नाहीत. प्रत्येक साच्याच्या रकान्यांत तो जिथे घडला तिथली एकके, तिथले जिल्हे, तिथला गोलार्ध आणि तिथली घड्याळे गृहीत धरलेली असतात. रकाना रिकामा राहिला, तर मॉडेल तो अनेकदा त्याच गृहीतकाने भरते आणि काही न बोलता पुढे जाते. त्यामुळे फाइल तयार करणे म्हणजे ही गृहीतके एकेक करून शोधणे आणि त्यांच्या जागी आपल्या किनाऱ्याची माहिती ठेवणे होय. हे काम कोणत्या क्रमाने करावे, ते पुढे मांडले आहे.

मूळ नोंदवही आधी, साचा नंतर

कोणत्याही मॉडेलचा साचा उघडण्यापूर्वी आपली एक मूळ नोंदवही असावी आणि तिच्यात सर्व राशी मीटर, किलोग्रॅम, सेकंद व केल्विन या एककांत असाव्यात. प्रत्येक ओळीत स्रोत, ठिकाण, इंधन किंवा कामाचे प्रमाण, उत्सर्जन गुणांक, गुणांक कुठून घेतला, कोणत्या वर्षासाठी घेतला आणि नोंद कोणी केली, एवढे तरी लिहावे. मॉडेलची फाइल या नोंदवहीतून लहानशा प्रोग्रामने काढावी. मॉडेलच्या फाइलीत हाताने दुरुस्ती केली, तर ती दुरुस्ती सहा महिन्यांनी कोणालाच आठवत नाही आणि दुसऱ्या मॉडेलसाठी पुन्हा पहिल्यापासून काम करावे लागते.

ही नोंदवही एक्सेलमध्ये ठेवण्यास हरकत नाही, परंतु एक्सेलच्या तीन खोडी माहीत असाव्यात. तो सांकेतिक क्रमांकाच्या सुरुवातीचे शून्य गाळतो, लांब आकडे घातांकाच्या रूपात दाखवतो आणि तसेच साठवतो, आणि स्वल्पविरामाची फाइल युनिकोडमध्ये साठवताना तिच्या अगदी सुरुवातीला न दिसणारी खूण घालू शकतो. स्मोकसारखा, उत्सर्जनाच्या याद्यांवर काम करणारा प्रोग्राम पहिल्या ओळीची सुरुवात चौकटीच्या (#) चिन्हाने होण्याची अपेक्षा ठेवतो. त्या न दिसणाऱ्या खुणेमुळे तो मथळाच ओळखत नाही आणि फाइल डोळ्यांना अगदी बरोबर दिसत असूनही वाचली जात नाही. म्हणून सांकेतिक क्रमांकांचे रकाने ‘मजकूर’ प्रकारचे ठेवावेत आणि शेवटची फाइल साध्या मजकूर-संपादकात उघडून पाहावी. कारखान्यांची व गावांची नावे नोंदवहीत खुशाल देवनागरीत असावीत. मॉडेलच्या फाइलीत मात्र ती रोमन अक्षरांत न्यावीत, कारण फोर्ट्रानमध्ये लिहिलेले हे जुने प्रोग्राम अक्षरे न मोजता बाइट मोजतात आणि देवनागरी नाव मधेच तुटते.

कोणत्या मॉडेलला काय लागते

स्थूलमानाने तीन प्रकारच्या फाइली भेटतात. एखाद्या कारखान्याच्या आसपासच्या काही किलोमीटरचा अभ्यास असेल तर एअरमॉडसारखे मॉडेल वापरले जाते. त्याला साधी मजकूर फाइल लागते आणि तिच्यात एकेका स्रोताची एकेक ओळ असते. संपूर्ण जिल्ह्याचा किंवा किनारपट्टीचा अभ्यास असेल तर सीमॅक किंवा डब्ल्यूआरएफ-केम वापरले जाते. त्यांना दर तासाचे, ग्रिडच्या, म्हणजे नकाशावर आखलेल्या जाळीच्या, प्रत्येक चौकोनाचे आकडे असलेली नेटसीडीएफ या बायनरी साच्यातली फाइल लागते. आणि या दोहोंच्या मध्ये स्मोक हा प्रोग्राम बसतो, जो वर्षभराच्या बेरजांची यादी घेऊन तिची दर तासाची, दर चौकोनाची फाइल करून देतो. या यादीचा सध्याचा साचा एफएफ-१० या नावाने ओळखला जातो. त्याआधीचे आयडीए व ओआरएल हे साचे जुन्या प्रकल्पांत अजून सापडतात, पण नवीन काम त्यांत सुरू करण्याचे कारण नाही.

एफएफ-१० ची यादी

एफएफ-१० ही स्वल्पविरामांनी विभागलेली मजकूर फाइल आहे. वरच्या ओळी चौकटीच्या चिन्हाने सुरू होतात आणि त्यांत फाइलचा प्रकार, देश व वर्ष सांगितलेले असते. बिंदू-स्रोत म्हणजे धुराडी, विखुरलेले स्रोत म्हणजे चुली, चिरेखाणी, भाजावळ यांसारखे, आणि वाहने व यंत्रे यांसाठी या साच्याचे वेगवेगळे प्रकार आहेत.

विखुरलेल्या स्रोतांच्या फाइलीत प्रत्येक ओळीला ४५ रकाने असतात. पहिला देशाचा, दुसरा प्रदेशाच्या सांकेतिक क्रमांकाचा, सहावा स्रोत-वर्गाच्या क्रमांकाचा, आठवा प्रदूषकाच्या नावाचा आणि नववा वार्षिक उत्सर्जनाचा. तिसरा रकाना अमेरिकेतील आदिवासी प्रदेशांच्या क्रमांकाचा आणि चौथा तिथल्या जनगणना-विभागाचा आहे. आपल्याला त्यांचा उपयोग नाही. ते रिकामे ठेवावेत, पण त्यांचे स्वल्पविराम कायम ठेवावेत. एक स्वल्पविराम गळला की पुढचा प्रत्येक आकडा एकेक घर डावीकडे सरकतो. कारखान्याच्या नावातच स्वल्पविराम असेल तर नाव दुहेरी अवतरणात घालावे. पुढे बारा रकाने बारा महिन्यांच्या उत्सर्जनाचे आहेत, आणि कोकणासाठी या साच्यातला सर्वांत मोलाचा भाग तोच आहे. त्याविषयी पुढे येते.

प्रदेशाचा क्रमांक ठरवताना २०११ च्या जनगणनेचे क्रमांक सोयीचे पडतात: महाराष्ट्राचा २७, रायगडचा ५२०, रत्नागिरीचा ५२८ आणि सिंधुदुर्गाचा ५२९. स्मोकमध्ये परंपरेने दोन अंक राज्याचे व तीन अंक जिल्ह्याचे असतात, त्यामुळे रत्नागिरीसाठी २७५२८ हा क्रमांक जसाच्या तसा बसतो. पण इथेच एक सापळा आहे. अमेरिकेच्या यादीत २७ हा क्रमांक मिनेसोटा राज्याचा आहे. मथळ्यात देश बदलायचा राहिला आणि प्रदेश-यादीची फाइल मूळ नमुन्यातलीच राहिली, तर महाराष्ट्र मिनेसोटा म्हणून वाचला जाण्याची शक्यता निर्माण होते. म्हणून राज्य-जिल्ह्यांच्या यादीची फाइल नव्याने लिहावी, तिच्यात भारतासाठी स्वतंत्र देश-क्रमांक ठेवावा आणि अमेरिकेच्या ओळी काढूनच टाकाव्यात. त्या ओळी नसल्या की चुकीचा क्रमांक लगेच अडतो, आणि फाइल अडणे हे चुकीची फाइल चालण्यापेक्षा कधीही बरे. उत्तर कोकणासाठी काम करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला, त्यामुळे २०११ च्या यादीत त्याचा क्रमांक नाही. जुन्या लोकसंख्येचे आकडे ठाण्याच्या नावावर आहेत आणि नवे कारखाने पालघरच्या, हे दोन्ही एकाच फाइलीत आले की वाटणी बिघडते. तालुक्यांच्या पातळीवर विभागणी करून नवा क्रमांक द्यावा आणि तो कसा दिला हे नोंदवहीत लिहावे.

स्रोत-वर्गाचे क्रमांकही अमेरिकेच्या व्यवहारातून आलेले आहेत. घरगुती लाकडाच्या ज्वलनासाठी २१०४००८००० हा क्रमांक आहे, आणि त्याला जोडलेली वेळेची प्रोफाइल, म्हणजे उत्सर्जन महिन्यांत व तासांत कसे वाटायचे याचा तक्ता, थंडीत घर उबदार ठेवण्याच्या पद्धतीवर बेतलेली आहे. आपल्याकडची चूल आणि न्हाणीचे पाणी तापवण्याचे चुलाण बारा महिने सकाळ-संध्याकाळ पेटते. भाजावळीसाठी तर नेमका क्रमांकच सापडत नाही. पावसाआधी भाताच्या रोपांची जागा कवळ, पातेरा आणि शेणी घालून भाजण्याची ही रीत त्या यादीच्या कर्त्यांनी पाहिलेली नाही. अशा वेळी ‘शेतातील जाळणे’ या ढोबळ वर्गात ती कोंबू नये. आपला स्वतःचा क्रमांक तयार करावा. मात्र मग तो क्रमांक वेळेच्या, जागेच्या आणि रासायनिक विभागणीच्या तिन्ही संदर्भ-फाइलींत नोंदवावा लागतो. एका जरी फाइलीत तो राहिला, तर प्रोग्राम ठरलेली सरसकट प्रोफाइल लावतो किंवा ती नोंद वगळतो, आणि याची सूचना लॉगच्या शेकडो ओळींत हरवलेली असते.

धुराड्याचे एक उदाहरण

बिंदू-स्रोतांच्या फाइलीत चुका होतात त्या मुख्यतः एककांच्या. एफएफ-१० मध्ये उत्सर्जन अमेरिकी टनांत, उंची व व्यास फुटांत, तापमान फॅरनहाइटमध्ये आणि वेग फूट प्रतिसेकंदात अपेक्षित असतो. अमेरिकी टन ९०७.१८५ किलोग्रॅमचा असतो. आपला मेट्रिक टन तसाच लिहिला तर सुमारे नऊ टक्के उत्सर्जन कमी होते. नऊ टक्क्यांची तूट नकाशावर दिसत नाही, म्हणूनच ती अधिक धोक्याची. आमच्या एका कामात ती जवळजवळ पूर्ण वर्ष राहिली आणि शेवटी जिल्ह्याची बेरीज मूळ नोंदवहीशी ताडून पाहिली तेव्हाच सापडली.

समजा, लोटे किंवा महाडसारख्या औद्योगिक वसाहतीतील एका बॉयलरचे धुराडे ३० मीटर उंच व १.२ मीटर व्यासाचे आहे, त्यातून १४० अंश सेल्सिअसचा वायू १२ मीटर प्रतिसेकंद वेगाने बाहेर पडतो आणि तपासणी अहवालात धूलिकणांचे प्रमाण १०० मिलिग्रॅम प्रति सामान्य घनमीटर दिले आहे. धुराड्याचे क्षेत्रफळ १.१३१ चौरस मीटर, म्हणून प्रत्यक्ष प्रवाह १३.५७ घनमीटर प्रतिसेकंद. अहवालातला ‘सामान्य घनमीटर’ आपल्याकडे सहसा २५ अंशांवरचा असतो, तर रसायनशास्त्राच्या पुस्तकांत तो शून्य अंशाचा असतो. कोणता आहे ते अहवालातच पाहावे. २५ अंश धरल्यास प्रवाहाला २९८ भागिले ४१३ ने गुणावे लागते आणि तो ९.७९ होतो. वायूतील बाष्पाची दुरुस्ती इथे सोडून दिली आहे. अहवाल कोरड्या वायूसाठी असेल तर तीही करावी. म्हणजे बॉयलर चालू असताना उत्सर्जन ०.९८ ग्रॅम प्रतिसेकंद. तो वर्षात ३०० दिवस अहोरात्र चालत असेल, तर वर्षाचे २५.४ मेट्रिक टन होतात.

एफएफ-१० मध्ये हेच धुराडे २८.० टन, ९८.४ फूट उंची, ३.९४ फूट व्यास, २८४ अंश फॅरनहाइट आणि ३९.४ फूट प्रतिसेकंद असे लिहिले जाईल. प्रवाहाचा रकाना भरायचा तर तो ४७९ घनफूट प्रतिसेकंद येतो. हा प्रत्यक्ष तापमानावरचा प्रवाह आहे, सामान्य घनमीटरांतला नव्हे. एअरमॉडमध्ये मात्र ०.९८ ग्रॅम प्रतिसेकंद, ३० मीटर, ४१३ केल्विन, १२ मीटर प्रतिसेकंद, १.२ मीटर, आणि नेमक्या याच क्रमाने: उत्सर्जन, उंची, तापमान, वेग, व्यास. वेग आणि व्यास यांची अदलाबदल झाली तरी एअरमॉड चालते, कारण दोन्ही त्याच्या दृष्टीने केवळ धन संख्या आहेत. तसेच इथे ०.९८ हा चालू तासांचा दर आहे हे विसरू नये. वार्षिक बेरीज वर्षाच्या सर्व सेकंदांनी भागली तर ०.८० येते. बंद दिवस दाखवायचे असतील तर ०.९८ ठेवून बंद काळात शून्याचा गुणक द्यावा, किंवा दर तासाच्या उत्सर्जनाची स्वतंत्र फाइल जोडावी. ०.८० लिहून वर शून्याचा गुणकही दिला तर उत्सर्जन दोनदा कमी होते.

ठिकाणाच्या बाबतीत रेखांश आधी की अक्षांश आधी, हे प्रत्येक फाइलीत नव्याने तपासावे. एफएफ-१० मध्ये रेखांश आधी येतो; फोनवरचा नकाशा अक्षांश आधी देतो. रत्नागिरी सुमारे १७ अंश उत्तर व ७३.३ अंश पूर्वेला आहे. हे दोन आकडे उलटले तर ठिकाण नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात पडते. चिन्ह उलटले तर ते हैतीच्या दक्षिणेला कॅरिबियन समुद्रात जाते, आणि हा दुसरा प्रकार काल्पनिक नाही: स्मोकमध्ये धन रेखांश पश्चिमेचे मानून त्यांना उणे करण्याचा एक पर्याय आहे. तो बंद आहे हे आपल्या चालवणी-फाइलीत, म्हणजे प्रोग्रामला पर्याय सांगणाऱ्या फाइलीत, स्पष्ट लिहावे, मूळ मूल्यावर विसंबू नये. एअरमॉडसाठी यूटीएम, म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मीटरमध्ये ठिकाण सांगण्याची पद्धत, वापरत असाल, तर संपूर्ण कोकण ४३ क्रमांकाच्या पट्ट्यात येते. ७२ अंश पूर्व रेखांशाच्या पश्चिमेकडचा समुद्र मात्र ४२ व्या पट्ट्यात जातो.

समुद्राला जिल्हा नसतो

आता किनाऱ्याचा खरा प्रश्न. मिरकरवाडा, हर्णै, साखरीनाटे, देवगड, मालवण या बंदरांतील यांत्रिक होड्यांचे डिझेल हा कोकणातील उत्सर्जनाचा मोठा स्रोत आहे आणि त्याचा हिशोबही तुलनेने बरा मिळतो, कारण मच्छीमार सहकारी सोसायट्यांकडे डिझेलच्या कर-परताव्यासाठी नोंदी ठेवलेल्या असतात. या नोंदी जिल्हावार व बंदरवार असतात. त्या तशाच २७५२८ च्या नावावर लिहिल्या, तर स्मोक ते उत्सर्जन जिल्ह्याच्या जमिनीवर पसरवतो आणि ट्रॉलरचा धूर संगमेश्वर आणि लांज्यापर्यंत पोहोचतो. प्रत्यक्षात ते डिझेल बंदरात थोडे आणि समुद्रात पुष्कळ जळते.

स्मोकमध्ये जिल्ह्याचे उत्सर्जन चौकोनांत वाटण्यासाठी वाटप-फाइली असतात. त्यांच्या प्रत्येक ओळीत प्रदेशाचा क्रमांक, स्तंभ, ओळ आणि त्या चौकोनाचा अपूर्णांक असतो, आणि जिल्हा पूर्णपणे ग्रिडमध्ये असेल तर अपूर्णांकांची बेरीज एक यावी लागते. जिल्ह्यांचे नकाशे भरतीच्या रेषेवर थांबतात, म्हणून समुद्रातल्या चौकोनांना त्यात जागाच नसते. यावर उपाय असा की क्यूजीआयएस या नकाशांच्या प्रोग्रामात किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांचा, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरचा पट्टा आखावा, तो जिल्ह्यांच्या सीमा पश्चिमेकडे वाढवून तोडावा आणि प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र प्रदेश-क्रमांक द्यावा. मग होड्यांचे उत्सर्जन या समुद्री प्रदेशांच्या नावावर लिहावे. पट्ट्याच्या आत सगळीकडे सारखी वाटणी करण्यापेक्षा तांडेलांशी, म्हणजे होड्यांच्या प्रमुखांशी, बोलून, कोणत्या मोसमात किती वाव खोल पाण्यात जाळी पडतात हे विचारून अपूर्णांक ठरवावेत. बंदरात उभ्या असताना जळणारा थोडा भाग वेगळ्या ओळीत बंदराच्या चौकोनावर ठेवावा.

मोठ्या जहाजांचे उत्सर्जन या पट्ट्याबाहेरही असते आणि ते बहुधा जागतिक सूचीतूनच घ्यावे लागते. तिथे दुहेरी मोजणी टाळावी. जागतिक सूचीतील जहाजांचा थर घेतला असेल, तर त्यात होड्या धरल्या आहेत का, हे तिच्या वर्णनात पाहून मगच आपला थर जोडावा. रेल्वेच्या बाबतीत असाच विचार करावा: कोकण रेल्वेचे विद्युतीकरण मार्च २०२२ मध्ये पूर्ण झाले, म्हणून त्याआधीच्या वर्षाचा रेल्वे-डिझेलचा थर आजच्या वर्षासाठी जसाच्या तसा वापरता येत नाही.

महिने, तास आणि तो अर्धा तास

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला बंदी असते. वार्षिक आकडा बारा महिन्यांत सारखा वाटला तर मॉडेलमध्ये ऐन पावसातही होड्या चालत राहतात. म्हणून होड्यांसाठी महिन्यांचे बारा रकाने सोसायटीच्या नोंदींवरून भरावेत, जून-जुलै शून्य ठेवावा आणि बारांची बेरीज वार्षिक रकान्याशी जुळते ना, हे पाहावे. भाजावळ फाल्गुन-चैत्रापासून पावसाच्या तोंडापर्यंत, चिरेखाणी पावसाळ्यात बंद, काजूचे कारखाने बी आल्यानंतर जोरात: या प्रत्येकाला स्वतःचे बारा आकडे आहेत. महिन्यांचे आकडे दिल्यावर महिन्यांची प्रोफाइल पुन्हा लागू होणार नाही, अशी व्यवस्था चालवणी-फाइलीत करावी.

तासांची अडचण अधिक सूक्ष्म आहे. सीमॅक आणि डब्ल्यूआरएफ-केम जागतिक वेळेवर (यूटीसी) चालतात आणि आपली वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तासांनी पुढे आहे. फाइलींत मात्र पूर्ण तासच असतात. पाच तास धरले तर चुलीचा धूर अर्धा तास उशिरा येतो, सहा धरले तर अर्धा तास लवकर. अर्ध्या तासाने काय बिघडते, असे वाटेल. पण किनाऱ्यावर सकाळी मतलई वारा पडून खारा वारा सुरू होण्याचा काळ नेमका असतो, आणि त्या संधिकाळात अर्धा तास म्हणजे धूर समुद्राकडे गेला की गावावर आला, एवढा फरक असू शकतो. सोपा उपाय असा: जागतिक वेळेतील प्रत्येक तासासाठी, त्यात पाच मिळवलेला आणि सहा मिळवलेला असे आपले दोन तास घ्यावेत व त्यांची सरासरी लिहावी. उदाहरणार्थ, जागतिक वेळेच्या १ च्या तासात आपले ६ व ७ चे तास अर्धे-अर्धे येतात. ही प्रोफाइल आधीच जागतिक वेळेत असल्याने प्रदेश-यादीत त्या प्रदेशांचा टाइम झोन शून्य ठेवावा, नाहीतर वेळ दोनदा सरकते. आपला रविवार जागतिक घड्याळात शनिवारी संध्याकाळी साडेसहाला सुरू होतो, हेही वारांच्या प्रोफाइलमध्ये धरावे.

एअरमॉडचे मात्र निराळे आहे. ते स्थानिक प्रमाणवेळेवर चालते आणि तास १ ते २४ असे, तास संपण्याच्या क्षणावरून मोजते. एकाच नोंदवहीतून दोन्ही मॉडेलांच्या फाइली काढणाऱ्या प्रोग्रामात हा फरक ठळकपणे लिहून ठेवावा.

नेटसीडीएफच्या फाइली

स्मोक न वापरता थेट ग्रिडची फाइल तयार करायची असेल, तर बहुतेक जण एडगरसारख्या जागतिक सूचीपासून सुरुवात करतात. तिचा चौकोन ०.१ अंशाचा, म्हणजे आपल्या अक्षांशावर सुमारे ११ किलोमीटर बाय १०.६ किलोमीटरचा असतो. किनाऱ्यावरच्या अशा एका चौकोनात गाव, खाडी आणि उघडा समुद्र तिन्ही येतात. तीन किलोमीटरच्या ग्रिडवर तो पसरवताना वस्तुमान राखणारी पद्धतच वापरावी, सीडीओ या ग्रिड-फाइली हाताळणाऱ्या प्रोग्रामात ती उपलब्ध आहे. साध्या अंतर्वेशनाने, म्हणजे मधली मूल्ये शेजारच्यांवरून भरल्याने, नकाशा गुळगुळीत दिसतो पण बेरीज बदलते. नंतर जमिनीच्या स्रोतांचा जो भाग समुद्रात पडला असेल, तो त्याच मोठ्या चौकोनातील जमिनीवर परत वाटावा.

एडगरचा प्रवाह किलोग्रॅम प्रति चौरस मीटर प्रतिसेकंद असतो. डब्ल्यूआरएफ-केमला वायूंसाठी मोल प्रति चौरस किलोमीटर प्रतितास आणि धूलिकणांसाठी मायक्रोग्रॅम प्रति चौरस मीटर प्रतिसेकंद लागतात. सीमॅकला प्रत्येक चौकोनासाठी वायू मोल प्रतिसेकंद व कण ग्रॅम प्रतिसेकंद. एक उदाहरण हाताने करून पाहावे. सल्फर डायऑक्साइडचा प्रवाह दहाचा उणे दहावा घात इतके किलोग्रॅम असेल, तर तासाला चौरस किलोमीटरमागे ३६० ग्रॅम होतात आणि रेणुभार ६४ ने भागल्यावर सुमारे ५.६ मोल. आपल्या प्रोग्रामातून हाच आकडा आला पाहिजे. नायट्रोजन ऑक्साइडांचे वजन बहुतेक सूच्यांत नायट्रोजन डायऑक्साइड समजून दिलेले असते, म्हणून मोल काढताना ४६ ने भागावे आणि मगच त्यांची दोन घटकांत विभागणी करावी. आधी विभागून मोनॉक्साइडच्या भागाला ३० ने भागले, तर मोल दीडपट होतात.

सीमॅकची फाइल आय-ओ एपीआय या फाइली लिहिण्या-वाचण्याच्या पद्धतीच्या नियमांनी बांधलेली असते. प्रत्येक घटकाचे नाव १६ अक्षरांपर्यंतच असते. दिनांक वर्ष आणि वर्षातील दिवसाचा क्रमांक असा लिहिला जातो. आणि दिवसाच्या फाइलीत २४ नव्हे तर २५ वेळा असतात, कारण मॉडेल दोन वेळांच्या मधले मूल्य स्वतः काढते. ग्रिडचे वर्णन हवामानाच्या फाइलीशी अंकाअंकाने जुळले पाहिजे. डब्ल्यूआरएफ हे हवामानाचे मॉडेल पृथ्वी ६३७० किलोमीटर त्रिज्येचा गोल मानते, तर क्यूजीआयएसमधील नकाशे डब्ल्यूजीएस-८४ च्या लंबगोलावर असतात. वाटप-फाइली बनवताना प्रक्षेपणात तीच गोल पृथ्वी द्यावी.

डब्ल्यूआरएफ-केमला दिवसाच्या दोन भागांच्या दोन फाइली देता येतात, एक जागतिक वेळेच्या ० ते ११ तासांची व दुसरी १२ ते २३ तासांची, किंवा प्रत्येक दिनांकाच्या वेगळ्या फाइली देता येतात. पहिली पद्धत सोपी आहे, पण तिच्यात रोज तेच चक्र फिरते. मासेमारी-बंदीच्या आधी-नंतरचा काळ अभ्यासायचा असेल तर दिनांकवार फाइलीच कराव्यात. धुराड्यांचे उत्सर्जन कोणत्या उंचीच्या थरात टाकायचे हेही तिथे आपणच ठरवायचे असते. जयगडसारख्या औष्णिक केंद्राच्या उंच धुराड्याचा धूर सर्वांत खालच्या थरात टाकला, तर तो किनाऱ्यावरच्या वस्तीवर आपण आपल्या हाताने उतरवल्यासारखे होते.

तपासणी

प्रत्येक टप्प्यावर एकच तक्ता ठेवावा: जिल्हा, प्रदूषक, वर्षाची बेरीज मेट्रिक टनांत. नोंदवहीतील बेरीज, एफएफ-१० मधील बेरीज, स्मोकच्या अहवालातील बेरीज आणि शेवटच्या नेटसीडीएफ फाइलीतून उलट हिशोब करून काढलेली बेरीज. या चार आकड्यांत फरक असेल तर त्याचे कारण शब्दांत लिहिता आले पाहिजे; लिहिता येत नसेल तर पुढे जाऊ नये. पीएम १० पेक्षा पीएम २.५ जास्त असलेल्या ओळी शोधाव्यात, कारण भरड कणांचे प्रमाण या दोहोंच्या वजाबाकीने काढले जाते आणि ते उणे येते. एनसीडम्प या आज्ञेने फाइलीचा मथळा पाहावा, पॅनोप्ली या प्रोग्रामात नकाशा पाहावा आणि तो नकाशा त्या भागात राहणाऱ्या, संगणकाशी संबंध नसलेल्या एखाद्या माणसाला दाखवावा. ‘इथे तर काहीच नाही, मग हा डाग कसला?’ हा प्रश्न त्यांच्याकडून जितक्या लवकर येतो तितका आमच्याकडून येत नाही.

शेवटी एक तपासणी मी प्रत्येक कामात करतो, कारण तीत महिना, तास, समुद्र आणि क्रमांक हे सगळे एकदम तपासले जाते. बंदी उठते ती १ ऑगस्टच्या मध्यरात्री, आणि तेव्हा जागतिक वेळ ३१ जुलैच्या संध्याकाळी साडेसहाची असते. लीप नसलेल्या वर्षात ३१ जुलै हा २१२ वा दिवस. त्या दिवसाची फाइल उघडावी. १७ च्या तासापर्यंत समुद्री चौकोनांत होड्यांचे उत्सर्जन शून्य असावे, १८ च्या तासात ते आपल्या मध्यरात्रीच्या तासाच्या निम्मे असावे, आणि पहाटे चारला बंदरातून निघणाऱ्या होड्या २२ च्या तासात हर्णै व मिरकरवाड्यासमोरच्या पाण्यात दिसू लागाव्यात. महिन्याचे आकडे जागतिक दिनदर्शिकेने कापले गेले असतील, तर हे सगळे तास कोरे दिसतील, आणि वेळ सरकवण्याच्या टप्प्यात परत जावे लागेल.